माझ्या गिटारीच्या माथ्यावर दुसऱ्याचं नाव

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवर आपल्या दैनिकात आलेला लेख मी दोनदा वाचला. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे दुसरीकडे बनलेली सतार आता कुणाला मिरजेच्या नावावर खपवता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. वाचून फार बरं वाटलं. त्याच अंकात छोट्या जाहिरातींत एक ओळ होती : ‘इंपोर्टेड इलेक्ट्रिक गिटार व ट्यूब ॲम्प्लिफायर, उत्तम स्थितीत, त्वरित विकणे आहे.’ ती जाहिरात देणाऱ्यावर माझा काही आरोप नाही. पण ‘इंपोर्टेड’ या शब्दाच्या आड काय काय चालतं ते गेल्या दोन महिन्यांत मी माझ्याच टेबलावर पाहिलं, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, तरी पुरतं वाचावं ही विनंती.

मी मिरजेत इलेक्ट्रिक गिटार आणि त्यांचे ॲम्प्लिफायर बनवतो. वय ६३. शाळेत असताना संध्याकाळी सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात पॉलिशला हाताखाली बसायचो. पुढे आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि जवळजवळ तीस वर्षं लोकांचे रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त केले. पहिला गिटार ॲम्प्लिफायर १९८४ साली एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या आग्रहावरून केला. भंगारातल्या दोन रेडिओंतून ईएल-८४ जातीचे दोन वॉल्व्ह, म्हणजे काचेच्या ट्यूब, काढले, त्यांवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप होता. असे वॉल्व्ह तेव्हा बंगळुरूला बनत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला, दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. त्या वर्षीच्या गणपतीत तो सगळ्या रात्री न जळता वाजला. मी मंडपामागे बाकड्यावर बसून ऐकत होतो. तो आवाज आपण बनवलाय हे कुणाला सांगायचीही गरज वाटली नाही, इतका आनंद झाला होता.

टीव्हीची कामं बंद होत गेली तसा मी लाकडाकडे वळलो. आजवर ७४ गिटार आणि ३१ ॲम्प्लिफायर केले. प्रत्येकाची नोंद वहीत आहे : लाकूड कुठलं, तारेचे वेढे किती, कुणाला दिली, कितीला दिली.

आषाढात इचलकरंजीचा एक मुलगा माझा पत्ता शोधत आला. वडील यंत्रमागावर, हा स्वतः एका सायझिंगमध्ये हिशेब लिहितो आणि रात्री मित्रांच्या बॅण्डमध्ये वाजवतो. पाठीवर गिटार, रिक्षात ॲम्प्लिफायर. म्हणाला, “काका, वरच्या सुरांना तार झणझणते. आणि माइकला ओठ लागला की करंट बसतो.” गिटारीच्या माथ्यावर, म्हणजे खुंट्या असतात त्या भागावर, एका जगप्रसिद्ध अमेरिकन कंपनीचं नाव होतं. फिकट निळा रंग, कडांना झिजलेला, वर बारीक बारीक तडे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची अमेरिकन गिटार म्हणून एका मोठ्या शहरातल्या दलालाकडून त्याने घेतली होती. ॲम्प्लिफायरसकट एक लाख चाळीस हजार. त्यासाठी मोटरसायकल विकली. पावती नाही.

तार झणझणते म्हणजे कुठलातरी पडदा वर आला असणार किंवा मान वाकली असणार. मी मानेचे चार स्क्रू सोडवले. प्रत्येक गिटारीच्या मानेचा जो भाग धडाच्या खाचेत बसतो आणि बाहेरून दिसत नाही, तिथे मी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने माझं नाव आणि नंबर डागतो. या मानेला नेमक्या त्या जागी खळगा होता. रुपयाएवढा भाग घासून काढलेला. मनात चर्र झालं, पण खात्री नव्हती. मग पुढची प्लेट काढली आणि आतला तांब्याचा पत्रा कोपऱ्यातून उचलला. खाली शंकरपाळ्याच्या आकाराचं शिसमाचं ठिगळ.

ते ठिगळ मी २०१६ साली बसवलं होतं. शिवणीची फळी चांगली मिळाली होती, हलकी, नीट वाळलेली, पण पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या, जागेजवळ एक मेलेली गाठ निघाली. फळी टाकून द्यायला जीव होईना, म्हणून गाठ कोरून काढली आणि तिथे काळ्या शिसमाचा तुकडा बसवला. बसवताना पटाशी घसरून अंगठा कापला होता, त्यामुळे विसरणं शक्यच नव्हतं. वही काढली. नंबर ५१. शिवणीचं धड, सागाची तीन पट्ट्यांची मान, शिसमाची पट्टी, लाखेचं पॉलिश. सांगलीच्या एका विद्यार्थ्याला दिली, २८,००० रुपये.

मी चहा मागवला. चहा येईपर्यंत काही बोललो नाही. न सांगता पडदे घासून, तार नीट करून पाठवून द्यावं, असंही एक क्षण मनात आलं, कारण पोराचा चेहरा बघवत नव्हता. पण वही उघडीच होती. मी ती त्याच्यापुढे सरकवली आणि ठिगळ दाखवलं. तो बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे काका, ही तुमची? मग एवढी चांगली कशी वाजते?”

त्याने मला दुखवायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि त्याचं उत्तर मला त्याला एकट्याला द्यायचं नाही, आपल्या सगळ्या वाचकांना द्यायचं आहे.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला की पडदा सरकवता येतो. गिटारीचे पडदे लाकडात करवतीने चीर पाडून ठोकलेले असतात. एकदा चीर चुकली की ती गिटार जन्मभर बेसुरी. माझ्या गिटारीत मोकळ्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरलेली असते, अमेरिकेतल्या फेंडर गिटारींची हीच लांबी आहे. ती १७.८१७ ने भागायची, येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागायची, दुसरा पडदा. पहिला ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर जाणत्या कानाला कळतं. मी २१ पडद्यांच्या चिरा पाडायला सकाळचे तीन तास घेतो आणि त्या वेळात फोन उचलत नाही. पडद्याची तार जर्मन सिल्व्हरची, ती बाहेरून मागवतो. माथ्याजवळ तारा ज्यावरून जातात ती पट्टी उंटाच्या हाडाची, ती मात्र गल्लीतल्या सतारमेकर मित्राकडून घेतो. त्याच हाडातून तो सतारीची घोडी घडवतो.

पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. ही तार ४२ नंबरची, केसापेक्षाही बारीक, आणि वेढे साडेसात-आठ हजार. मी शिलाई मशीनची मोटर लावून, वेढे मोजायला काउंटर जोडून गुंडाळतो, पण तार दोन बोटांतूनच सोडतो. ताण जास्त झाला की तुटते, कमी झाला की वेढे सैल बसतात आणि आवाज वाढवला की पिकअप शिट्टी मारतो. नंबर ५१ मध्ये ७,८०० वेढे होते. ते तिन्ही पिकअप त्या दलालाने जागच्या जागी ठेवले होते, नुसती वरची झाकणं बदलली होती. पोराला जो आवाज आवडत होता तो या ७,८०० वेढ्यांचा होता.

आता रंगाबद्दल. सतारमेकराच्या कारखान्यात मी हेच शिकलो, त्यामुळे इथे थोडं सविस्तर लिहितो. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, गाळायची आणि सुती कापडाच्या बोळ्याने एकावर एक हात मारायचे. बोळा लाकडावर थांबला की डाग पडलाच, म्हणून तो हवेतून उतरतो तसा उतरवायचा आणि तसाच उचलायचा. वीस-पंचवीस हात झाले की लाकूड आतून उजळतं. पण लाखेला घामाचं आणि पाण्याचं वावडं. म्हणून मानेला मी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारतो, धडाला लाख. कुणाला रंगीत हवी असेल तर लांबी (म्हणजे भरायची पुट्टी), सीलर, मग ड्यूको. यात कमीपणा काही नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटापासून फेंडरच्या गिटारींवर जे लाल-निळे रंग आले, तेही ड्यूपॉण्ट कंपनीचे मोटारींचे रंगच होते. आपल्याकडचे फर्निचरवाले आजही म्हणतात तो ‘ड्यूको’ शब्द त्याच कंपनीचा.

लॅकरचा एक गुण असा की नवा थर जुन्या थराला विरघळवून त्यात मिसळतो. दुरुस्ती केली तर सांधा दिसत नाही. आमच्यासाठी हे वरदान आहे आणि खोटं करणाऱ्यासाठीही. माझ्या लाखेवर त्याने लांबी भरली, निळा ड्यूको मारला, माथ्यावर परक्या नावाची चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरून लॅकर मारून ती बुडवून टाकली. नखाला कड लागत नाही. मग कडा घासून वय आणलं. बारीक तडे आणायला गरम-गार करतात. नवा लॅकर आधी तापवायचा आणि एकदम थंड करायचा. हात बसलेला माणूस होता, हे मला मान्य करावंच लागेल. पण नोटा तपासायचा जांभळा दिवा मी माथ्यावर धरला तर पुढची बाजू एका रंगाने चमकली, मागची दुसऱ्या. जुनं एनसी लॅकर अशा दिव्याखाली पिवळट-हिरवट दिसतं. वीस वर्षं जुनी म्हणवणाऱ्या गिटारीच्या पुढच्या बाजूला त्याचा लवलेश नव्हता.

रंग बदलणाऱ्याशी माझं भांडण नाही. जुनी गिटार घेऊन तिला नवा रंग देणं, दुसरे पिकअप घालणं, झिजलेले पडदे काढून नवे ठोकणं, गिटारीला गिटार देऊन अदलाबदल करणं, हे या धंद्यात रोज चालतं आणि चालायलाच हवं. गरीब घरच्या पोरांना त्यामुळेच चांगलं वाद्य हातात येतं. केलेलं काम सांगून विकावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ती गिटार ‘शिवणीची, मिरजेची, नवा रंग दिलेली’ म्हणून ३५ हजारांना विकली असती तर दलालाचाही फायदा झाला असता आणि पोराची मोटरसायकल दारात राहिली असती.

इथे मला माझ्याबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. १९९४ साली एका ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याने माझ्याकडून गिटार बनवून घेतली आणि म्हणाला, माथ्यावर इंग्रजी नाव घाला, सुपारी देणारा स्टेजवर तेच बघतो. मी नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे गेलो आणि ते परकं नाव कापून आणलं. चिकटवलं. तीनशे रुपये जास्त मिळाले. तेव्हा मला ते फसवणं वाटलं नाही, कारण घेणाऱ्याला ठाऊक होतं. पण गिटार एका हातात राहत नाही. तो माणूस पुढे मुंबईला गेला, गिटार कुणाला विकली मला माहीत नाही. म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, माझ्या हातची एक खोटी गिटार आहे, आणि तिच्यासाठी कुणीतरी काय मोजलं असेल याचा विचार आता झोपू देत नाही. ही वाचणाऱ्या कुणाकडे असेल तर तिची मान सोडवून पाहा. टाचेवर, म्हणजे धडाच्या खाचेत बसणाऱ्या भागावर, ‘७’ हा आकडा डागलेला आहे. घेऊन या. मी ती नावासकट नीट करून देईन, एक पैसा घेणार नाही.

नाव किती जपायची गोष्ट आहे याची एक जुनी हकिकत आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करायचा. स्वतः त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि तिचं नाव ‘ब्रॉडकास्टर’ ठेवलं. ग्रेच नावाच्या कंपनीने कळवलं की जवळजवळ याच नावाचे आमचे ढोल आधीपासून आहेत. १९५१ च्या सुरुवातीला फेंडरच्या कारखान्यात नावाच्या पट्ट्यांवरचा तेवढा शब्द कात्रीने कापला, आणि नवं नाव ठरेपर्यंत काही महिने गिटारी नुसत्या ‘फेंडर’ एवढ्याच छापावर बाहेर पडल्या. पुढे ती ‘टेलिकास्टर’ झाली. नाव दुसऱ्याचं आहे म्हटल्यावर त्याने कात्री घेतली. आज त्याच बिनानावाच्या गिटारींना संग्राहक सोन्यासारखे जपतात.

दुसरंही सांगतो. परदेशी गिटारींच्या बोटं फिरतात त्या पट्टीवर कितीदा आपलाच काळा शिसम असतो. २ जानेवारी २०१७ पासून शिसमाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा सीमेपलीकडे विकायच्या गिटारीतल्या त्या चिंचोळ्या पट्टीसाठीही परवान्याचे कागद लागू लागले. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे लाकूड कुठल्या रानातलं याचा कागद जग मागू शकतं. ते लाकूड कुणाच्या हाताखालून गेलं, याचा कागद आपण आपल्या गावात तरी मागू या.

ॲम्प्लिफायरचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तिथे पैशाशी नाही, जिवाशी गाठ आहे. तो मात्र खराच अमेरिकन निघाला, सत्तरच्या दशकातला. तो १२० व्होल्टवर चालायचा, म्हणून सोबत एक स्थानिक बनावटीचा छोटा ट्रान्सफॉर्मर दिला होता, २३० चे ११० करणारा. त्याला दोनच पिना. ॲम्प्लिफायरच्या वायरीची तिसरी, अर्थिंगची पिन पक्कडीने कापलेली, दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून. उघडून पाहिलं तर आत मूळ कंडेन्सर तसाच : वीज येते त्या दोनपैकी एका वायरीतून थेट लोखंडी चासीला, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आतल्या सांगाड्याला, जोडलेला. जुन्या अमेरिकन ॲम्प्लिफायरमध्ये गुणगुण कमी करायला हा कंडेन्सर घालत. प्लग उलटा बसला की चासीत बारीक करंट उतरतो, आणि तो कंडेन्सर शॉर्ट झाला की पुरी फेज चासीवर येते.

आता हे लक्षात घ्या. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा मुद्दाम चासीला जोडलेल्या असतात, घोडीखालून एक वायर जाते. त्यामुळेच तारांना हात लागला की गुणगुण थांबते. म्हणजे वाजवणाऱ्याचा डावा हात सतत चासीवर आहे असंच समजायचं. समोरचा माइक दुसऱ्या मशीनला जोडलेला, त्याचं अर्थिंग धड असेल तर ओठ जमिनीला टेकल्यासारखे. मधे माणूस. पोराच्या ओठाला मुंग्या येत होत्या त्या याच. मी गिटारीच्या तारेला टेस्टर लावला तर दिवा पेटला. त्याने तो आपणहून हातात धरून बघितला आणि खाली बसला. गेल्या वर्षीच्या गणपतीत भर पावसात, ओल्या फळ्यांवर उभं राहून त्याने यावर चार रात्री वाजवलं होतं.

ही भीती मी उगाच घालत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे हा गिटारवादक कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मेला. १९७६ साली यार्डबर्ड्स या गाजलेल्या इंग्लिश बॅण्डचा गायक कीथ रेल्फ घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. दोघंही ऐन उमेदीत होते.

मी तो कंडेन्सर काढून टाकला. तीन तारांची नवी वायर घातली, हिरवी चासीला बोल्टने कसली. गळून फुगलेले मोठे कंडेन्सर बदलले. अमेरिकेतली वीज ६० सायकलची, आपली ५० ची. तिकडचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे तेवढ्याच व्होल्टवर जास्त तापतो, म्हणून त्याला ११० ऐवजी १०० दिले. हे काम करताना आतले ४०० व्होल्ट बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये साठलेले असतात, ते रेझिस्टन्स लावून आधी उतरवावे लागतात. हौसेने कुणी झाकण उघडू नये म्हणून मुद्दाम लिहितो. ज्याने हा ॲम्प्लिफायर विकला त्याला तिसरी पिन कापलेली दिसत होती. वायर बदलायला दोनशे रुपये लागले असते.

आपल्याकडे माझं मागणं असं आहे. आपल्या छोट्या जाहिरातींत ‘इंपोर्टेड’ लिहून वाद्य किंवा ॲम्प्लिफायर विकणाऱ्याला एवढंच विचारावं की कुणी बनवलं, कोणतं काम नंतर झालं आणि अर्थिंगची पिन जागेवर आहे का. तीन शब्द जास्त छापावे लागतील. जे वाचक गिटार घ्यायला जातील त्यांनी पैसे मोजण्याआधी, मान स्क्रूंनी बसवलेली असेल तर ती सोडवून दाखवा असं म्हणावं. चार स्क्रू आहेत, पाच मिनिटं लागतात, आणि जो नाही म्हणेल त्याच्या दुकानातून उठून यावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग विकणाऱ्या, जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी दोन पिनांचा ॲम्प्लिफायर तसाच परत देऊ नये, गिऱ्हाईक रागावलं तरी. आणि आता गणेश मंडळांच्या मांडवांची कामं सुरू होतील, तेव्हा स्टेजवरच्या सगळ्या वाद्यांना आणि माइकच्या मशीनला एकाच बोर्डावरून, खऱ्या अर्थिंगची वीज द्यावी. वायरमनकडून ते मोजून घ्यावं.

माझ्यासारखे गिटार बनवणारे महाराष्ट्रात आणि गोव्यात आता बरेच तरुण आहेत, चांगलं काम करतात. त्यांना माझं सांगणं की नाव एका जागी डागू नका. मी आता टाचेवर, पिकअपच्या खाली आणि मानेच्या आतल्या लोखंडी सळईच्या खाचेत, म्हणजे बोटं फिरतात ती पट्टी उखडल्याशिवाय पोहोचता येणार नाही अशा ठिकाणी, तीन जागी लिहितो. शिवाय प्रत्येक गिटारीबरोबर एक चिठ्ठी देतो : लाकूड, वेढे, रंग, तारीख. पुढे ज्याने त्याने आपण केलेला बदल त्या चिठ्ठीत खाली लिहावा आणि गिटारीबरोबर पुढच्या मालकाला द्यावी.

पोराने त्या दलालाला फोन लावले. आधी उचलला, मग नंबर लागेना. पोलिसांत जायला पावती नाही. पैसे बुडाले, हे त्याने वडिलांना अजून सांगितलेलं नाही. मी त्याला म्हटलं, गिटार ठेव माझ्याकडे, पडदे नीट करून देतो, याचे पैसे नकोत. गेल्या रविवारी तो पुन्हा आला. पातीने मी माथ्यावरचं नाव खरवडून काढलं होतं आणि निळ्या रंगाचा तळहाताएवढा तुकडा थिनरने उतरवून पाहिला होता. खाली माझी लाख, थोडी घासलेली, पण जिवंत. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, सगळा निळा काढा. आणि वर तुमचं नाव घाला.”

मी त्याला सांगितलं की आत्ता जमणार नाही. पावसाळी हवेत लाख मारली की ओल धरते आणि वर दुधासारखा पांढरा पट्टा येतो, तो मग जाता जात नाही. निळा रंग काढून मी गिटार खोलीत दोरीला टांगून ठेवली आहे, खाली रात्री साठचा बल्ब लावतो. वहीत नंबर ५१ पुढे जुन्या मालकाखाली त्याचं नाव लिहिलं आहे. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पहिला हात मारीन.

आपला विश्वासू,
गिटार व ॲम्प्लिफायर बनवणारा एक कारागीर, मिरज
(नाव व पत्ता आपल्याकडे स्वतंत्र दिला आहे.)